न बोलणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी

शाळेचा दिवस हजेरीनें सुरू होतो. शिक्षकांनीं क्रमांक उच्चारावा, मुलानें “हजर” म्हणावें आणि पटावर खूण व्हावी, हा क्रम इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें कोणासही वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नव्हतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं या साध्या क्रमांतच आमच्या हातून एक चूक घडली, आणि तिच्यामुळेंच आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पांचवीच्या वर्गांत एक मुलगा नव्यानें आला होता. तो कोणाशीं बोलत नसे. त्याचा क्रमांक आला कीं, तो उत्तर देण्याऐवजीं बाकावर बोटानें दोनदां टकटक करी. आम्हांस तो खोडकरपणा वाटला. आम्हीं त्यास उभें केलें, ‘हजर’ म्हटल्यावांचून बसावयाचें नाहीं असें बजावलें, आणि तरीही तो बोलेना तेव्हां त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण केली. मुलगा डोळ्यांसमोर उभा, आणि पटावर मात्र गैरहजर! असे चार-पांच दिवस गेले. अखेर त्याच्या शेजारीं बसणारा मुलगा धीर करून उठला व म्हणाला, “सर, तो रोज हजर म्हणतो. दोनदां वाजवलें कीं हजर. मधल्या सुट्टींत पाणी पाहिजे असलें कीं बाटलीवर असेंच वाजवतो.” जें बाकावरच्या सोबत्यास पहिल्या आठवड्यांतच उमगलें, तें आम्हां शिकल्यासवरल्या माणसांस सांगावें लागलें. पुढें त्याच्या आईवडिलांस भेटलों तेव्हां कळलें कीं, मुलगा स्वमग्न आहे. शाळेंत प्रवेश मिळणार नाहीं या भीतीनें त्यांनीं तें सांगितलें नव्हतें. ही भीति त्यांच्या मनांत कां होती, याचें उत्तर आमच्या हजेरीपटावरच लिहिलेलें होतें.

वास्तविक पाहतां ‘हजर’ हा शब्द कशासाठीं? मुलगा आला आहे हें शिक्षकांस कळावें, एवढ्यासाठींच ना? तें दोन टकटकींनीं कळत असेल तर शब्दाचें काम झालें. आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे: उच्चार हें साधन आहे, आणि सांगणें हें साध्य आहे. ज्या मुलास तोंडानें सांगतां येत नाहीं, तें मूल बोटानें, चित्रानें, खुणेनें किंवा लिहून सांगत असेल, तर शाळेनें तें उत्तर पूर्ण उत्तर म्हणून स्वीकारलें पाहिजे. तोंड उघडेपर्यंत शिक्षण थांबवून ठेवणें म्हणजे दाराशीं आलेल्या मुलास दारांतच उभें करणें होय.

स्वमग्नता म्हणजे काय, हें येथें सांगणें अवश्य आहे. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून या अवस्थेस ‘ऑटिझम’ हें नांव रूढ झालें. त्या अकरांपैकीं आठ मुलें लवकर वा उशिरां बोलूं लागलीं होतीं. तीन बोलत नव्हतीं. म्हणजे आरंभापासूनच हें दिसून आलें होतें कीं, हीं मुलें एका सांच्याचीं नसतात. कोणी अस्खलित बोलतें, कोणी थोडकेच शब्द वापरतें, कोणी मुळींच बोलत नाहीं. हा कांहीं संसर्गजन्य रोग नव्हे, कोणाची दृष्ट लागल्याचा परिणाम नव्हे, कीं आईच्या संगोपनांतील उणीवही नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते, आणि ती बालपणापासून असते.

मराठींतील ‘स्वमग्नता’ हा शब्द सुटसुटीत आहे. परंतु त्यानें एक गैरसमजही पसरतो. मूल स्वतःमध्येंच बुडून गेलें आहे, त्यास दुसऱ्याची गरज नाहीं व सांगावयाचेंही कांहीं नाहीं, असा अर्थ ऐकणाराच्या मनांत उभा राहतो. आमच्या त्या विद्यार्थ्याकडे पाहा. जो मुलगा, दटावणी होत असतांही, रोज न चुकतां दोनदां बाक वाजवीत होता, त्यास सांगावयाचें नव्हतें असें कोण म्हणेल? तो सांगत होता. ऐकणारे आम्हीच उणे पडलों.

अशा मुलांचें सांगणें पुष्कळ रूपांनीं होत असतें. कोणी हात धरून वस्तूपाशीं नेतें. कोणी शाळेची घंटा वाजतांच कान झांकून बाकाखालीं जातें. आपणांस तें बेशिस्त दिसतें, पण “हा आवाज मला सोसवत नाहीं” हेंच तें वाक्य असतें. कोणी ऐकलेलेंच वाक्य परत म्हणतें. आई रोज विचारते, “पाणी पाहिजे का?” मूल तहानलें कीं तेंच म्हणतें, “पाणी पाहिजे का?” लोक हंसतात व पोपटपंची म्हणतात. परंतु बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन या संशोधकांनीं १९८१ सालींच दाखवून दिलें कीं, अशा पुनरुक्तींतही मागणें, होकार देणें, आपली पाळी सांगणें असे हेतु असतात. शब्द उसने असतात. तहान मात्र त्याची स्वतःचीच असते.

या नैसर्गिक मार्गांना जोड देऊन जी पद्धति तयार झाली आहे तिला पूरक व पर्यायी संवाद म्हणतात. बोलणें थोडें असेल तर पूरक, मुळींच नसेल तर पर्यायी. तींत हाताच्या खुणा येतात, चित्रांच्या पाट्या येतात, अक्षरफलक येतात, आणि बोट ठेवतांच शब्द उच्चारणारीं यंत्रेंही येतात. १९८५ सालीं अमेरिकेंत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनीं चित्र देऊन वस्तु मागण्याची एक पद्धति बसविली. तींत मूल प्रथम एकच चित्र उचलून दुसऱ्याच्या हातीं देण्यास शिकतें, पुढें अनेक चित्रांतून निवड करतें, आणि मग चित्रें जोडून वाक्य करतें. अमुक केल्यानें आपलें म्हणणें दुसऱ्यास पोंचतें, हा पहिला अनुभवच मुलास पुढच्या शिक्षणाचें दार उघडून देतो.

मार्ग निराळा झाला म्हणून ज्ञान हलकें होत नाहीं, हें शाळांच्या इतिहासानें पूर्वींच सिद्ध केलें आहे. अंध मुलांनीं डोळ्यांनींच वाचलें पाहिजे असें आज कोणी म्हणत नाहीं. लुई ब्रेल यांनीं १८२९ सालीं आपली ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली, आणि बोटें वाचूं लागलीं. आपल्या प्रांतांतही १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलर्ड यांनीं मुंबईस अंधांसाठीं शाळा काढली. डोळ्यांचें काम बोटांस देण्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. मग जिभेचें काम बोटांस देण्यांत कां वाटावा?

परंतु इतिहासांत याच्या उलट धडाही आहे, आणि तो आम्हां शिक्षकांनीं विसरूं नये असा आहे. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. बधिर मुलांस खुणांच्या भाषेनें न शिकवितां तोंडी बोलण्यानेंच शिकवावें, असा ठराव तिनें केला. ठराव करणारे कांहीं दुष्ट नव्हते; मुलांचें भलें व्हावें असेंच त्यांस वाटत होतें. पण त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून खुणांस बंदी झाली, आणि कित्येक पिढ्यांचीं वर्षें ओठांच्या कवाइतींत गेलीं. तीं इतिहास, गणित, विज्ञान शिकण्याचीं वर्षें होतीं. २०१० सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें त्याच परंपरेंतील परिषदेनें जुन्या ठरावाबद्दल खेद प्रकट केला. चूक कबूल होण्यास १३० वर्षें लागलीं. स्वमग्न मुलांच्या बाबतींत आपण तेवढीं वर्षें घेणार काय?

आतां लोकांच्या ज्या शंका आमच्या कानांवर आल्या आहेत, त्यांचा विचार करूं.

पहिली शंका आईबापांची, आणि ती कळकळीची आहे. “चित्रें हातीं दिलीं तर आमचें मूल आळशी होईल, मग तें कधींच बोलणार नाहीं.” ही भीति सर्वत्र आढळते, म्हणूनच तिची नीट तपासणी झाली आहे. २००६ सालीं मिलर, लाइट व श्लोसर या तिघां संशोधकांनीं पूर्वीचे प्रयोग एकत्र करून त्यांतील काटेकोर अशा २७ मुलामाणसांच्या नोंदी पाहिल्या. पर्यायी साधन दिल्यावर बोलणें कमी झालें असा एकही नव्हता. ११ टक्के होते तसेच राहिले. ८९ टक्क्यांच्या बोलण्यांत वाढ झाली. वाढ बहुतेकांची बेताचीच होती, आणि ज्यास साधन दिलें तो बोलूं लागेलच असें आश्वासन आम्ही देत नाहीं. परंतु साधनानें वाचा जाते ही समजूत टिकत नाहीं, एवढें निश्चित. पांगुळगाडा दिल्यानें कोणतें मूल चालावयाचें विसरलें आहे?

दुसरी शंका न्यायाची. “एकास चित्रानें उत्तर देतां येतें, दुसऱ्यास तोंडीच द्यावें लागतें, हा पक्षपात नव्हे काय?” आमचें उत्तर असें कीं, भूगोलाच्या परीक्षेंत तपासावयाचा असतो तो भूगोल. कुकडी नदी कोणत्या बाजूनें वाहते हें मुलानें नकाशावर बोट ठेवून दाखविलें, तर त्यास भूगोल येतो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांतही दिव्यांग विद्यार्थ्यांस जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यांनीं परीक्षेचा मान कमी झाला नाहीं. शिवाय ही आतां कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट राहिलेली नाहीं. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ यानें स्वमग्नतेची गणना दिव्यांगत्वांत केली आहे. त्याच कायद्यांत ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येंत ब्रेल, स्पर्श, खुणांची भाषा, लेखी व दृश्य मजकूर यांबरोबर पूरक व पर्यायी मार्गही घातले आहेत, आणि शिक्षणविषयक कलमांत अशा मार्गांच्या वापरास उत्तेजन देण्याचें कर्तव्य सरकार व स्थानिक संस्था यांवर ठेवलें आहे. ठराविक प्रमाणांत दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत, किंवा त्याच्या पसंतीप्रमाणें विशेष शाळेंत, मोफत शिक्षणाचा हक्कही त्यानें दिला आहे. जवळची शाळा म्हणजे पारनेरची शाळा, वाडीवरची शाळा, आपली शाळा.

तिसरी शंका खर्चाची. पारनेर तालुका पर्जन्यछायेंतला. पावसाच्या भरंवशावर शेती. कित्येक घरांतील कर्तीं माणसें मुंबईस पोटासाठीं गेलेलीं. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ पुण्यामुंबईस. तेथें वरचेवर जाणें किती जणांस परवडणार? हें सर्व खरें आहे. परंतु आरंभ यंत्रानेंच करावा लागतो असें नाहीं. एक जाड पुठ्ठा, कांहीं साधीं चित्रें व त्यांखालीं ठळक अक्षरांत शब्द, एवढ्यानें पहिली पाटी तयार होते. ज्यांच्या घरीं मोबाईल आहे त्यांच्यासाठीं पवईच्या आय. आय. टी.तील अभिकल्प विभागानें तयार केलेलें ‘जेलो’ हें साधन आहे, आणि तें मराठींतही बोलतें. चेन्नईचे अजित नारायणन यांनीं ‘आवाज’ नांवाचें असेंच साधन घडविलें, त्याचाही बोलबाला झाला आहे. कोणतेंही साधन घेतलें तरी तें मुलाच्या जगांतलें असावें. पाटीवर आपल्या घरची भाकरी असावी, आपली आजी असावी, शेळी असावी, एस.टी. असावी.

आणि एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. पाटीवर नुसतीं खाण्यापिण्याच्या वस्तूंचीं चित्रें नसावींत. ‘नको’, ‘थांबा’, ‘दुखतें’, ‘पुन्हां सांगा’, ‘मला समजलें नाहीं’, ‘कां?’ हे शब्द पहिल्या दिवसापासून असावेत. ज्यास केवळ मागतां येतें त्याला आपण याचक करतों. ज्यास नको म्हणतां येतें व कां असें विचारतां येतें, तोच विद्यार्थी होतो. मुलाचा नकार पाटीवरून आला तर तो मानावा. नाहीं तर उद्यां तो नकार किंकाळीच्या रूपानें येईल, आणि मग आपणच त्यास हट्टी म्हणूं.

येथें एका धोक्याची सूचना देणेंही आमचें कर्तव्य आहे. मुलाच्या वतीनें बोलण्याचा मोह मोठ्या माणसांस फार असतो. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत पाश्चात्य देशांत एक पद्धति पसरली होती: मोठ्या माणसानें मुलाचा हात धरून अक्षरांवर न्यावयाचा व वाक्यें जुळवावयाचीं. वाक्यें सुंदर येत; आईबापांच्या डोळ्यांत पाणी उभें राही. पुढें परीक्षा घेतली. मुलास एक चित्र व हात धरणारास दुसरें चित्र दाखविलें, तेव्हां उत्तर उमटलें तें हात धरणारानें पाहिलेल्या चित्राचें! १९९४ सालीं अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनें या पद्धतीस शास्त्रीय आधार नाहीं असा ठराव केला. हात धरणारे बहुधा फसवीत नव्हते. तेही फसलेच होते. म्हणून नियम असा असावा कीं, बोट मुलाचें, निवड मुलाची, आणि शब्द लहानसा असला तरी मुलाचाच. आपण रचून दिलेल्या दहा वाक्यांपेक्षां त्यानें स्वतः दाखविलेला एक ‘नको’ अधिक मोलाचा आहे.

एका बोटाची शक्ति किती, हें मुंबईंतील एका उदाहरणानें ध्यानांत येईल. मालिनी चिब यांची अवस्था स्वमग्नतेची नव्हे, मेंदूच्या पक्षाघाताची. परंतु तोंडी बोलण्याची अडचण तशीच. त्यांच्या मातुश्री मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईस अशा मुलांसाठीं संस्था स्थापिली. मालिनीबाईंनीं पुढें उच्च शिक्षण घेतलें आणि एका बोटानें टंकलेखन करून आपलें आत्मचरित्र लिहिलें. तें २०१० सालीं ‘वन लिटल फिंगर’, म्हणजे ‘एक लहानसें बोट’, या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झालें. प्रत्येक मूल ग्रंथ लिहील असें नाहीं, आणि लिहिलेंच पाहिजे असेंही नाहीं. परंतु त्या बोटास कोणी वेळ दिला नसता, तर ग्रंथ आंत होता हें जगास कधींच कळलें नसतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुम्हांस. वर्गांत असा सोबती असेल तर त्याची पाटी म्हणजे त्याची जीभ आहे असें समजा. ती गंमत म्हणून हिसकावूं नका, लपवूं नका. त्यास प्रश्न विचारलात तर थांबा. मनांतल्या मनांत दहापर्यंत मोजा, आणि तरीही वाट पाहा. त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका. तो समोर असतां त्याच्याविषयीं दुसऱ्याशीं बोलूं नका, त्याच्याशींच बोला. तो तुमच्या डोळ्यांकडे पाहत नसला तरी ऐकत असूं शकतो. खेळांत घ्या, पण तो नको म्हणाला तर रागावूं नका. आमच्या हजेरीपटावरील चूक तुमच्यापैकींच एकानें सुधारली होती, हें आम्ही विसरलों नाहीं.

पालकहो, आपणांस विनंति अशी कीं, मुलाची अवस्था शाळेपासून लपवूं नका. घरीं तें काय करून काय सांगतें, याची एक यादी शिक्षकांस द्या: कान ओढले म्हणजे झोंप आली, दप्तर उचललें म्हणजे घरीं जावयाचें, असें. जी पाटी शाळेंत, तीच घरीं वापरा, आणि आपणही बोलतांना तिच्यावर बोट ठेवा. मूल भाषा ऐकून शिकतें, तसेंच ही भाषा पाहून शिकेल. तालुक्याच्या गटसाधन केंद्रांत समावेशित शिक्षणासाठीं नेमलेले विशेष शिक्षक असतात, त्यांस भेटा. आणि ज्यांचीं मुलें बोलतात त्या पालकांसही सांगणें आहे: “त्या मुलाशेजारीं बसूं नको” हें वाक्य आपल्या घरांत उच्चारलें जाऊं नये. असें मूल वर्गांत असल्यानें आपलें मूल मागें पडत नाहीं. वाट पाहणें व दुसऱ्याचें समजून घेणें हे दोन धडे त्यास फुकट मिळतात.

आम्हां शिक्षकांचें काम याहून सोपें नाहीं. पाटी मुलाच्या बाकावर असली पाहिजे, कपाटांत नव्हे; तास गणिताचा असो वा चित्रकलेचा. प्रश्न विचारून उत्तरासाठीं थांबणें आम्हांस शिकावें लागेल. फळ लगेच दिसेल असेंही नाहीं. निघोजला कुकडीच्या पात्रांत जे रांजणखळगे आपण सहलीस जाऊन पाहतों, ते पाण्यानें व गोट्यांनीं युगानुयुगें फिरून फिरून कोरलेले आहेत. पाण्यानें खडकावर संतापून कांहीं केलें नाहीं. तें फक्त येत राहिलें. मुलाच्या अबोलपणावरही संतापाचा उपयोग नाहीं. रोज त्याच वेळीं, त्याच पाटीसह, त्याच शांतपणें येत राहणें, एवढाच उपाय आहे.

त्या विद्यार्थ्याच्या गैरहजेरीच्या खुणा आम्हीं पुढें पटावरून दुरुस्त केल्या. शाई खोडतां आली. ते चार-पांच दिवस मात्र त्यास परत देतां आले नाहींत. म्हणून यापुढें आमच्या वर्गांत ‘हजर’ या शब्दाचीं अनेक रूपें चालतील. कोणी म्हणेल, कोणी हात वर करील, कोणी चित्रावर बोट ठेवील, कोणी बाक वाजवील. पटावर खूण मात्र एकच होईल, आणि ती सर्वांच्या नांवापुढें सारखीच असेल.